दोन तपासण्यांमधले तीस दिवस

"सगळं नॉर्मल आहे, पुढच्या महिन्यात या." गर्भारपणात बाईच्या कानावर सर्वांत जास्त वेळा पडणारं हे वाक्य. ते ऐकण्यासाठी ती सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसलेली असते. वजन, बीपी, पोटावरून हात, बाळाचे ठोके, गोळ्यांची चिठ्ठी, आणि पाच-सात मिनिटांत ती बाहेर. हे वाक्य खोटं नसतं. बहुतेक गर्भारपणं खरोखरच सुरळीत पार पडतात. पण पुढची तारीख येईपर्यंतच्या तीस दिवसांत काय घडतं, याची जबाबदारी आपल्या आरोग्यव्यवस्थेत नेमकी कोणावर असते? पायाला सूज आली, ती फार वेळ उभं राहिल्याची की बीपीची? कालपासून बाळ कमी हलतंय असं वाटतं, जावं का? लोहाच्या गोळीने मळमळतं, बंद केली तर चालेल? या प्रश्नांची उत्तरं सासू देते, शेजारीण देते, हल्ली यूट्यूब देतं. डॉक्टर देत नाहीत, कारण तारीख अजून आलेली नसते.

फोनवरून, व्हिडिओवरून, घरच्या बीपी यंत्राच्या आधाराने कमी जोखमीच्या गर्भवतीची काळजी घ्यावी, हा विचार कोविडनंतर आपल्याकडेही रुळू लागला आहे. मला तो हवासा वाटतो. मात्र त्याची जागा कोणती याबद्दल माझं मत ठाम आहे. टेलिमेडिसिनने हे मधले तीस दिवस भरून काढावेत. तपासणीच्या दिवसाला हात लावू नये. खेपा वाचवायच्या म्हणून ते आणलं, तर जिच्या ताटात आधीच कमी वाढलेलं आहे तिच्याच ताटातलं आपण काढून घेऊ.

महिन्याला एक तपासणी, सातव्यानंतर पंधरा दिवसांनी, शेवटी दर आठवड्याला, हे वेळापत्रक आपल्याला निसर्गनियमासारखं वाटतं. ते तसं नाही. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने १९२९ मध्ये काढलेल्या एका पत्रकात ते सापडतं: पहिली तपासणी सोळाव्या आठवड्यात, मग चोविसाव्या, अठ्ठाविसाव्या, त्यानंतर छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे दर आठवड्याला. त्यामागे कोणताही शास्त्रीय प्रयोग नव्हता. शेवटच्या महिन्यांत धोका वाढतो एवढा व्यवहारी अनुभव होता. तरी तो आराखडा जगभर गेला आणि किरकोळ बदलांनिशी आजही आपल्या दवाखान्यांत चालू आहे. म्हणजे वेळापत्रक बदलू नये असं म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही. पण ते कोणत्या दिशेने बदलावं, याला मात्र आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने अर्जेंटिना, क्यूबा, सौदी अरेबिया आणि थायलंड या चार देशांत चोवीस हजारांहून अधिक गर्भवतींवर एक मोठी चाचणी केली. काही दवाखान्यांत नेहमीच्या तपासण्या, तर काहींत मोजक्या चार, पण काय तपासायचं ते नेमकं ठरवून दिलेल्या. २००१ मध्ये निकाल आला: दोन्हीकडे फारसा फरक नाही. पैशांची आणि माणसांची चणचण असलेल्या देशांना हा निकाल सोयीचा होता. चार तपासण्यांचा नमुना अनेक देशांनी उचलला. मग २०१३ मध्ये त्याच चाचणीची आकडेवारी पुन्हा बारकाईने तपासली गेली, आणि कमी तपासण्यांच्या गटात ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण जास्त असल्याचं दिसलं. त्या नमुन्यात बत्तिसाव्या आठवड्यानंतरची पुढची तपासणी छत्तिसाव्या ते अडतिसाव्या आठवड्यात होती. मृत्यू वाढले ते नेमके त्या रिकाम्या जागेत. हा योगायोग मानायला मी तयार नाही. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली आणि चारऐवजी आठ वेळा गर्भवतीशी संबंध यावा असं सांगितलं.

आपल्याकडे सरकारी मोजदाद अजून किमान चार तपासण्यांचीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात चार किंवा अधिक तपासण्या झालेल्या माता सुमारे ५८ टक्के होत्या, महाराष्ट्रात सुमारे ७० टक्के. प्रसूती रुग्णालयात होण्याचं प्रमाण मात्र महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्क्यांवर पोचलेलं. बाळंतपणाच्या दिवशी दवाखाना गाठण्यात आपण मोठी मजल मारली, आणि त्याआधीच्या नऊ महिन्यांत अजून अडखळतो आहोत. टेलिमेडिसिनची चर्चा करताना ही पार्श्वभूमी डोळ्यांआड करता येणार नाही, कारण ज्या यशकथा आपल्याला सांगितल्या जातात त्या फार वेगळ्या जमिनीवरच्या आहेत.

अमेरिकेत मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकने ‘ओबी नेस्ट’ नावाचा नमुना तयार केला. तिथल्या कमी जोखमीच्या गर्भवतीला बारा-चौदा खेपांची सवय. नव्या नमुन्यात प्रत्यक्ष आठ खेपा ठेवल्या, सहा वेळा परिचारिकेशी दूरवरून बोलणं, घरी बीपीचं आणि बाळाचे ठोके ऐकण्याचं यंत्र, आणि इतर गर्भवतींशी बोलायला एक ऑनलाइन गट. तीनशे जणींच्या चाचणीत या बायका जास्त समाधानी होत्या, गर्भारपणाचा ताण त्यांना कमी जाणवला, आणि वैद्यकीय निकालांत फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश हेल्थने मार्च २०२०मध्ये, कोविडच्या धसक्यात, काही आठवड्यांत गर्भवतींच्या निम्म्याहून अधिक भेटी फोन-व्हिडिओवर नेल्या. आधीच्या वीस हजारांवर बाळंतपणांशी नंतरच्या सुमारे तेवीसशे बाळंतपणांची तुलना २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. गर्भारपणातला रक्तदाब, मधुमेह आणि बाळाची खुंटलेली वाढ ओळखण्यात नवी पद्धत मागे पडली नव्हती.

दोन्ही अनुभव मोलाचे आहेत. पण मेयोमध्ये कपात झाल्यावरही आठ प्रत्यक्ष भेटी उरतात, म्हणजे आपल्या किमान उद्दिष्टाच्या दुप्पट. मेलबर्नमध्ये फोनवर जाणाऱ्या प्रत्येक बाईची सोनोग्राफी, रक्त-लघवीच्या तपासण्या कोणी विचारण्याआधीच ठरलेल्या होत्या. जिथे प्रत्यक्ष तपासणीचा पाया पक्का आहे तिथे वरचे काही थर फोनवर हलवता येतात, एवढंच हे प्रयोग सिद्ध करतात. त्यांचा हवाला देऊन नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या उपकेंद्रावरची तिसरी तपासणी व्हिडिओवर भागवणं म्हणजे निष्कर्ष उचलायचा आणि अट विसरायची.

आणि ‘कमी जोखीम’ तरी कोणाला म्हणायचं? वय बेताचं, एकच बाळ, आधीचं सिझेरियन नाही, बीपी-साखर-थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन चांगलं, अशी ती व्याख्या. शेवटच्या अटीपाशीच आपण थबकतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत देशातल्या ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता, महाराष्ट्रात सुमारे ४६ टक्के. म्हणजे पुस्तकातली कमी जोखमीची गर्भवती महाराष्ट्रातही फार तर अर्ध्याहून थोडी जास्त वेळा भेटते. पहिलटकरणीला, तिच्यात बाकी काही दोष नसला तरी, गर्भारपणातल्या रक्तदाबाचा धोका दुसरेपणापेक्षा जास्त असतो. जोखीम पहिल्या दिवशी शिक्का मारून ठरत नाही. विसाव्या आठवड्यात निर्धास्त असलेली बाई चौतिसाव्या आठवड्यात ‘अतिजोखमीची माता’ होऊ शकते, आणि होते. म्हणून कमी जोखमीसाठी दूरची सेवा द्यायची, तर ‘अजून ही कमी जोखमीचीच आहे ना?’ हा प्रश्न दर वेळी नव्याने विचारण्याची सोय त्या सेवेत हवी.

ती सोय फोनमध्ये नाही. रक्त फोनवर काढता येत नाही. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघायची असते, पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. धनुर्वाताची लस टोचायची असते. गर्भाशय कुठवर आलं हे हाताने आणि टेपने कळतं. अनुभवी सिस्टरला डोळ्यांची खालची पापणी ओढून जे दिसतं, ते कॅमेऱ्यात पिवळ्या बल्बच्या उजेडात दिसत नाही. सोनोग्राफीचं तर बोलायलाच नको. परदेशात घरी वापरायच्या सोनोग्राफी यंत्रांचे प्रयोग चालले आहेत, पण गर्भलिंगनिदानावर देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये कायदा करावा लागलेल्या या राज्यात तशी मोकळीक कुणी मागूही नये. १९९४ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदणी नसलेल्या जागी हे यंत्र वापरणं गुन्हा आहे, आणि बीडसारख्या जिल्ह्याने मुलींची घटलेली संख्या पाहिल्यावर तो कायदा सैल करण्याची भाषा मला ऐकवणार नाही. अठराव्या-विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीला बाईने प्रत्यक्षच जायचं.

मग घरच्या यंत्रांचं काय? इथे उत्साहाला थोडा आवर घालणारा पुरावा आहे. इंग्लंडमध्ये ज्यांना रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक होता अशा दोन हजारांहून अधिक गर्भवतींची ‘बंप’ नावाची चाचणी झाली. निकाल २०२२ मध्ये आले. निम्म्या जणींनी नेहमीच्या तपासण्यांसोबत घरी बीपी मोजला. त्यांचा वाढलेला बीपी दवाखान्याला लवकर कळला का? नाही. यंत्र दिलं म्हणजे धोका आधी पकडला जातो, हे गृहीतक तिथे टिकलं नाही. आकडा घरात दिसणं आणि त्या आकड्यावर कुणीतरी वेळेत हालचाल करणं, यांत बरंच अंतर असतं. ते अंतर यंत्र कापत नाही. त्यासाठी पलीकडे माणूस लागतो.

तरी मी घरच्या बीपी यंत्राच्या बाजूचाच आहे, अट एवढीच की ते दंडाला बांधायचं असावं, गर्भवतींवर पडताळलेलं असावं, आणि मोजायचं कसं हे कोणीतरी हात धरून शिकवलेलं असावं. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीला, मोजताना बोलायचं नाही. १४० किंवा ९०ला पोचला तर त्याच दिवशी दवाखान्याला कळवायचं. १६० किंवा ११०ला पोचला तर कळवण्यात वेळ न घालवता निघायचं. हे दोन आकडे माता आणि बाल संरक्षण कार्डाच्या मुखपृष्ठावर ठळक छापायला हवेत. बाळाचे ठोके ऐकण्याचं यंत्र मात्र घरात नको. मेयोने ते दिलं असलं तरी. शिकलेल्या कानाशिवाय आईचीच नाडी बाळाची वाटते, आणि बाळाची हालचाल मंदावलेली असताना ‘ठोके तर ऐकू आले’ म्हणून बाई घरी थांबते. त्या थांबण्याची किंमत फार मोठी असू शकते.

आता टेलिमेडिसिनची आपल्याकडची खरी जागा. ती मला मराठी घरातल्या एका जुन्या रिवाजात दिसते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि मुलगी आईकडे जाते. पुण्यात नाव घातलेली बाई लातूरला जाते, ठाण्याची सिंधुदुर्गात, नागपूरची चंद्रपूरकडच्या गावात. भावनेच्या दृष्टीने हा रिवाज शहाणपणाचा आहे. आईच्या घरी तिला झोप मिळते, मागितलं ते खायला मिळतं, रडायची मुभा असते. पण वैद्यकीय दृष्टीने पाहिलं तर सहा-सात महिने ज्यांनी तिला तपासलं ते डॉक्टर नेमक्या सर्वांत नाजूक टप्प्यावर तिच्या आयुष्यातून जातात. नव्या ठिकाणी ती तिसाव्या किंवा बत्तिसाव्या आठवड्याला एक प्लास्टिकची पिशवी घेऊन उभी राहते, त्यात अर्धे रिपोर्ट. आधीचा बीपी किती असायचा? विसाव्या आठवड्यात ११० आणि आता १३० असेल, तर नुसता १३० नॉर्मल दिसतो. त्याच्या मागची चढण नव्या डॉक्टरांना दिसत नाही. हीच ती जागा, जिथे चार देशांच्या त्या चाचणीत बाळं दगावली होती. या आठवड्यांत जुन्या डॉक्टरांनी व्हिडिओवर नव्या डॉक्टरांशी किंवा बाईशी दहा मिनिटं बोलणं, आकड्यांची चढण सांगणं, आणि बाईने नव्या ठिकाणी प्रत्यक्ष तपासून घेणं, हे दोन्ही एकत्र झालं तर टेलिमेडिसिनने कोणाचीही जागा न घेता तुटलेला धागा जोडला. मला वाटतं, महाराष्ट्रासाठी यापेक्षा नेमका उपयोग दुसरा नाही.

असाच तुटलेला धागा ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून, टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. गर्भवतीही फडावर असतात. गावच्या आशाताईच्या वहीत तिचं नाव असतं आणि ती मात्र पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कोपीत. मोळ्या उचलणाऱ्या बाईला कमी जोखमीची म्हणणंच अवघड. पण तिच्या आशाताईचा आठवड्याला एक फोन, आणि त्या फोनवरून कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला निरोप, एवढं झालं तरी ती कोणाच्या तरी नजरेत राहील.

इथे एक अडचण पुढे येते, आणि ती तंत्रज्ञानाची नाही. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वतः वापरते असा मोबाइल देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. बाकीच्या जणींसाठी फोन म्हणजे नवऱ्याचा फोन. तो कामावर गेला की फोनही गेला. आणि फोन घरात असला तरी बोलणं घरात होतं. दवाखान्यात सिस्टर ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हणून नवऱ्याला आणि सासूला पडद्याबाहेर काढू शकते. व्हिडिओवर तिला दिसत नाही की खोलीत आणखी कोण उभं आहे. मारहाण होते का, मनात काय काळोख साचला आहे, अंगावरून काय जातं, हे प्रश्न त्या परिस्थितीत विचारले तरी खरं उत्तर येणार नाही. म्हणून प्रत्यक्ष भेटीतला एकांत मी तपासणीइतकाच महत्त्वाचा मानतो.

यावर मधला एक मार्ग आपल्याकडे तयार आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनीत बाई उपकेंद्रावर येते, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी तिचा बीपी, वजन, हिमोग्लोबिन बघतात आणि मग तिच्यासमोर बसून दूरच्या डॉक्टरांना व्हिडिओवर जोडतात. हात गावातला, सल्ला शहरातला. तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञ नसलेल्या भागात गर्भवतीसाठी घरबसल्या व्हिडिओपेक्षा हे कितीतरी चांगलं. त्यात एकच सुधारणा हवी: दर वेळी पडद्यावर नवा चेहरा नको. गर्भारपण हा सर्दी-खोकल्यासारखा एका बैठकीचा आजार नाही. ज्या डॉक्टरांनी पाचव्या महिन्यात पाहिलं, शक्यतो त्यांनीच आठव्यात पाहावं.

डॉक्टरांच्या मनातली भीतीही समजून घेतली पाहिजे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर कोकणातलं एक प्रकरण आलं होतं. सिझेरियननंतर घरी गेलेली बाई त्रास होऊ लागल्याने पुन्हा दाखल झाली, डॉक्टर जागेवर नव्हते, फोनवरून सूचना देऊन उपचार झाले आणि ती दगावली. न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर अनेक डॉक्टरांनी फोनवर काहीही सांगणं बंद केलं. २५ मार्च २०२०ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जारी केल्यावर या सेवेला चौकट मिळाली: रुग्णाची ओळख, संमती, नोंद, कोणती औषधं कशा भेटीत लिहायची, आणि प्रत्यक्ष तपासणी हवी असं वाटलं तर थांबण्याचा डॉक्टरांचा अधिकार. त्या प्रकरणाचा आणि या तत्त्वांचा मला लागलेला अर्थ एकच आहे. तब्येत बिघडलेल्या बाईसाठी फोन हा उपचार नाही, तिला लवकर दवाखान्यात आणण्याचं साधन आहे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. मेयोच्या प्रयोगात डॉक्टरांच्या भेटी कमी झाल्या, पण परिचारिकांचा वेळ वाढला. ही बाब फारशी सांगितली जात नाही. टेलिमेडिसिन काम नाहीसं करत नाही. ते एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ठेवतं. आपल्याकडे तो खांदा एएनएम सिस्टरचा आणि आशाताईचा, जिच्यावर आधीच नोंदवह्या, सर्वेक्षणं, लसीकरण आणि आता अ‍ॅप्स लादलेली आहेत. गर्भवतींचे फोन घेणं हे तिच्या कामाच्या तासांत धरलेलं, मोबदला दिलेलं काम नसेल, तर तो फोन वाजत राहील. खासगी डॉक्टरांनाही हे लागू आहे: व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट आणि अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या शुल्कात, नोंद ठेवून दिलेला सल्ला दोघांच्याही हिताचा.

सरकारने हे काम हाती घेताना प्रत्यक्ष तपासण्यांचा आकडा आधी आठपर्यंत न्यावा. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला होणारं सुरक्षित मातृत्व अभियान जपावं, आणि मगच त्यावर फोनची जोड द्यावी. हा क्रम उलटला तर कागदावर भेटी वाढतील आणि बायका मात्र तपासणीविना राहतील.

तोवर, ज्यांच्या घरात कोणाला दिवस गेले आहेत त्यांनी दवाखान्यात नाव घालतानाच विचारावं: मधल्या दिवसांत फोन कोणाला करायचा, तो किती वाजेपर्यंत उचलला जातो, रात्री काय करायचं, आणि माहेरी गेल्यावर तिथल्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का? उत्तर कार्डावर लिहून घ्यावं. आणि डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाचं हलणं मंदावणं, यांतलं काहीही झालं तर सल्ल्यासाठी फोन धरून बसू नये. १०८ला फोन करावा आणि निघावं.